एअर माउसची तुलना नीट कशी करावी: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

हातात धरून हवेत हलवायची दोन-तीन पॉइंटर उपकरणं घेतली, प्रत्येक पाच मिनिटं वापरून पाहिलं आणि "हे जास्त छान चालतं" असा निकाल दिला, की तुलना झाली असं बहुतेकांना वाटतं. त्या निकालात खुद्द उपकरणाचा वाटा थोडाच असतो. कोणतं आधी हातात आलं, कर्सरचा वेग कितीवर ठेवला होता, टीव्हीने किती उशीर लावला, तोवर हात किती दमला होता, या गोष्टीच निकाल ठरवून टाकतात. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. चाचणीचा दिवस फुकट जाण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पहिले पाच टप्पे वगळून थेट सहाव्यावर उडी मारणं.

साहित्य फारसं लागत नाही: एक मोठा पडदा, एक संगणक, तुलनेसाठी साधा तारेचा माउस, सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करणारा फोन, आणि आठ ते बारा माणसं.

टप्पा १: उपकरण नेमकं काय मोजतं ते ओळखा

बाहेरून सगळे रिमोटसारखेच दिसतात, आत मात्र फरक असतो, आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

जायरोवर चालणारे एअर माउस मनगट किती वेगाने वळतंय एवढंच जाणतात. पडदा कुठे आहे याचा त्यांना पत्ता नसतो. त्यामुळे हाताचा रोख एकीकडे आणि कर्सर दुसरीकडे अशी फारकत होऊ शकते.

कॅमेऱ्यावर चालणाऱ्यांना मात्र संदर्भबिंदू असतो. निन्टेन्डोच्या वी या गेम कन्सोलच्या २००६ च्या वी रिमोटमध्ये पुढच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा होता. टीव्हीजवळ ठेवायची ती 'सेन्सर बार' नावाची पट्टी प्रत्यक्षात काहीच ओळखत नाही, तिच्यात फक्त इन्फ्रारेड दिवे असतात. वी रिमोटला जायरो २००९ मध्ये मोशनप्लस या जोडणीने मिळाला. सोनीच्या २०१० च्या प्लेस्टेशन मूव्ह या गेम कंट्रोलरमध्ये उलटी रचना आहे: चमकणारा गोळा हातात आणि कॅमेरा समोर.

तिसरा प्रकार फक्त ॲक्सेलरोमीटरचा. तो गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने कल ओळखतो, पण उभ्या अक्षाभोवती डावी-उजवीकडे वळणं त्याला कळूच शकत नाही. असं उपकरण आडव्या हालचालीसाठी मनगट पिळायला लावतं.

तपासणी: उपकरण हातात थोडं तिरकं, तीसेक अंश कलतं धरा आणि सरळ उजवीकडे वळवा. कर्सर सरळ आडवा गेला तर कल भरून काढायची सोय आत आहे. तिरका गेला तर नाही. ही नोंद आत्ताच करून ठेवा. पुढे "याचा नेम कळत नाही" अशी तक्रार आली की कारण शोधत बसावं लागणार नाही.

टप्पा २: काम आणि माणसं ठरवा

सोफ्यावर बसून टीव्हीचा मेनू चाळणं, उभ्याने स्लाइड दाखवणं आणि खेळात नेम धरणं ही तीन वेगळी कामं आहेत. एक निवडा. बसून की उभ्याने, कोपराला आधार की मोकळा, हे त्यावरूनच ठरतं आणि मग सगळ्यांसाठी तेच राहतं. माणसं शक्यतो अशी घ्या ज्यांनी यातलं एकही उपकरण रोज वापरलेलं नाही. डावखुरे असतील तर घ्याच, पण कोण डावखुरं याची नोंद ठेवा.

टप्पा ३: जागा आणि सेटिंग बांधून टाका

बसायची जागा चिकटपट्टीने आखा. एक मीटर रुंदीचा पडदा दोन मीटरवरून सुमारे २८ अंशांचा दिसतो, तीन मीटरवरून १९ अंशांचा. कॅमेऱ्याच्या उपकरणात लांब गेल्यावर मनगट कमी वळवावं लागतं, म्हणजे नेम अवघड होतो. जायरोच्या उपकरणाला मात्र अंतराचं सोयरसुतक नाही, तेवढंच वळवलं की कर्सर तेवढाच सरकतो. म्हणून माणूस पुढे-मागे सरकला की दोन उपकरणांवर दोन वेगळे परिणाम होतात. तुलना तिथेच बिघडते.

मग ही कामं उरका:

- संगणकातलं कर्सर वेगवृद्धीचं सेटिंग बंद करा. विंडोजमध्ये ते 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' या नावाने असतं.
- टीव्ही वापरत असाल तर गेम मोड (चित्र-सुधारणा कमी करून उशीर घटवणारं सेटिंग) चालू करा.
- एका वेळी एकाच उपकरणाचा रिसीव्हर लावा, तोही छोट्या एक्स्टेन्शन वायरवर. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि वायरींतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेसमध्ये लुडबुड करतो आणि कर्सर अडखळतो. दोष मात्र उपकरणाच्या माथी जातो.
- इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं उपकरण असेल तर थेट ऊन आणि उघडे तापलेले दिवे त्याच्या नजरेआड करा.
- बॅटरी सगळ्यांच्या पूर्ण भरलेल्या.

टप्पा ४: उशीर मोजा

हे न मोजता पुढे जाऊ नका. १९९३ मध्ये मॅकेन्झी आणि वेअर या संशोधकांनी उशिराचा परिणाम तपासला होता. २२५ मिलिसेकंदांच्या उशिराने नेम धरायचा वेळ ६४ टक्क्यांनी आणि चुका २१४ टक्क्यांनी वाढल्या. एवढा उशीर जुन्या टीव्हीच्या चित्र-सुधारणांमधून सहज येऊ शकतो, आणि तो असला की चांगलं-वाईट सगळी उपकरणं सारखीच टुकार वाटतात.

पद्धत साधी आहे. उपकरण आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा फोन लावा आणि २४० फ्रेमने चित्रण करा. उपकरण डावी-उजवीकडे झुलवा. हात ज्या फ्रेमला उलटा फिरतो आणि कर्सर ज्या फ्रेमला उलटा फिरतो त्यांच्यातल्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. वीसेक वेळा मोजून सरासरी घ्या.

स्थिर उपकरणाला झटका देऊन कर्सर कधी हलतो ते पाहण्याचा मोह होतो. तो टाळा. बऱ्याच एअर माउसमध्ये अगदी लहान हालचाल मुद्दाम दाबलेली असते, त्यामुळे सुरुवातीचा उशीर आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. उलटं फिरण्याचा क्षण जास्त प्रामाणिक आकडा देतो.

तपासणी: तारेचा माउसही याच पद्धतीने मोजा. त्याचा उशीर हा जवळपास पडद्याचा आणि संगणकाचा उशीर. त्यावर जे वाढेल ते उपकरणाचं.

टप्पा ५: चाचणीची माणसं न बोलावता होणाऱ्या तपासण्या

*सरकणं.* चालू करून उपकरण टेबलावर दहा मिनिटं तसंच ठेवा. जायरोचा शून्यबिंदू तापमानाबरोबर हलतो, गार उपकरणावर घेतलेलं माप फसवं असतं. कॅलिब्रेशनची (शून्यबिंदू नव्याने बसवण्याची) सोय असेल तर ती यानंतर, उपकरण अजिबात न हलवता वापरा.

"टेबलावर ठेवलं, कर्सर हलला नाही, म्हणजे सरकत नाही" हा निष्कर्ष चुकीचा. स्थिर असताना उपकरण स्वतःलाच शून्य करून घेतं. खरी परीक्षा अशी: पुस्तकांच्या खाचेत उपकरण घट्ट बसवा, कर्सर कुठे आहे ते टिपा, उचलून अर्धा मिनिट भरभर हलवा, परत त्याच खाचेत ठेवा आणि कर्सर किती लांब राहिला ते मोजा. हलवताना कर्सर पडद्याच्या कडेला आदळू देऊ नका. कडेला अडकलेली हालचाल जायरोच्या हिशोबातून गळते, आणि परत आल्यावर दिसणारी तफावत ही सरकण्याची नसते. (रोजच्या वापरात मात्र हीच युक्ती कामी येते. कर्सर वाकडा झाला की कडेला दाबून तो परत जाग्यावर आणता येतो.)

*थरथर.* माणसाचा हात काहीही न करता सेकंदाला आठ ते बारा वेळा सूक्ष्म थरथरतो. ती लपवायला उत्पादक कर्सर गुळगुळीत करणारा फिल्टर लावतात, आणि फिल्टर जितका जाड तितका उशीर जास्त. म्हणून थरथर आणि चौथ्या टप्प्यातला उशीर हे दोन आकडे नेहमी शेजारीशेजारी लिहा. एकटा "किती स्मूथ आहे" हा शेरा मला तरी निरुपयोगी वाटतो.

*क्लिकची उडी.* या उपकरणांचं खरं दुखणं हेच. बटण दाबताना अंगठा उपकरणाला ढकलतो आणि कर्सर ऐन वेळी घसरतो. आभासी जगातल्या संवादाचा अभ्यास करणारे याला हायझेनबर्ग परिणाम म्हणतात. बारीक ठिपक्यावर नेम धरून वीस क्लिक करा. मग तसाच नेम धरून, क्लिक मात्र दुसऱ्या हाताने कीबोर्डच्या स्पेसबारने करा. दोन्हींतला विखुरलेपणा सारखाच असेल तर दोष नेमाचा. अंगठ्याच्या क्लिकला तो दीडपट-दुप्पट होत असेल तर दोष बटणाचा, मग सेन्सर कितीही महागडा असो. काही उपकरणं दाबताना कर्सर क्षणभर गोठवतात. त्यांना इथे फायदा होतो, पण ओढून नेण्याच्या कामात तीच सोय सुरुवातीला अडकल्यासारखी वाटते.

टप्पा ६: वेग जुळवा आणि मग हात लावू नका

कर्सरला पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्यायला उपकरण किती अंश वळवावं लागतं ते मोजा. कागदावर छापलेला कोनमापक खाली ठेवला तरी पुरतं. मनगट अंगठ्याच्या बाजूला साधारण २० अंश आणि करंगळीच्या बाजूला ३० अंशच वळतं. तळहात खाली करून उपकरण धरलं असता डावी-उजवीकडची हालचाल हीच असते. पूर्ण रुंदीला पन्नासाहून जास्त अंश लागत असतील तर कोपर हलवावंच लागेल आणि दमणूक लवकर येईल.

सगळ्यांचे अंश सारखे करायचे का? दिसायला तेच न्याय्य, पण मला ते पटत नाही. ज्याची थरथर जास्त त्याला कमी वेगच शोभतो, त्याला इतरांच्या वेगावर आणणं म्हणजे मुद्दाम पाडणं. चाचणीत नसलेल्या दोन-तीन जणांकडून प्रत्येक उपकरणाचा सर्वांत सोयीचा वेग ठरवून घ्या, तो अंशांत लिहा आणि गोठवा. मुख्य चाचणीत एकालाही वेग बदलू देऊ नका. कुरकुर होईल, होऊ द्या.

टप्पा ७: नेमाची चाचणी मांडा

इथे स्वतःची डोकॅलिटी लढवायची गरज नाही. पॉइंटर उपकरणांसाठी आयएसओ ९२४१-९ हे मानक २००० मध्ये आलं, २०१२ मध्ये त्याची जागा ९२४१-४११ ने घेतली. पाया आहे पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम: टार्गेट जितकं लांब आणि जितकं लहान, तितका वेळ जास्त. पडद्यावर वर्तुळाकार मांडलेली टार्गेट असतात, प्रत्येक क्लिकनंतर जवळपास समोरचं उजळतं. मॅकेन्झी यांचा गोफिट्स हा जावातला प्रोग्राम ही चाचणी तयार देतो.

अवघडपणा बिटमध्ये मोजतात. अंतराला रुंदीने भागा, एक मिळवा, त्याचा २ या पायाचा लॉग काढा. ४८० पिक्सेल अंतर आणि ३२ पिक्सेल टार्गेट असेल तर भागाकार १५, एक मिळवून १६, म्हणजे ४ बिट. ९६० आणि ६४ घेतलं तरी ४ बिटच.

पण हवेतल्या पॉइंटरला या दोन गोष्टी सारख्या नाहीत. लहान टार्गेट थरथर आणि क्लिकची उडी उघडी पाडतं, लांबचं टार्गेट मनगटाचा आवाका. दोन्ही जोड्या चाचणीत ठेवा आणि निकाल वेगवेगळेही पाहा. सोपं काही हवं म्हणून १९२ पिक्सेल आणि ६४ पिक्सेलची, म्हणजे २ बिटची जोडी घाला.

इशारा: नेम चुकला तरी चाचणी पुढच्या टार्गेटवर गेली पाहिजे. बरोबर लागेपर्यंत क्लिक करायला लावणारा प्रोग्राम वापरला तर नवव्या टप्प्यातलं गणितच लागू होत नाही.

तपासणी: तारेच्या माउसवर, टेबलापाशी बसून, हीच चाचणी स्वतः देऊन पाहा. या पद्धतीने झालेल्या अभ्यासांत माउसचं थ्रूपुट, म्हणजे अवघडपणा भागिले लागलेला वेळ, साधारण सेकंदाला ३.७ ते ४.९ बिट येतं. तुमचं २ किंवा ७ आलं तर प्रोग्राम किंवा गणित चुकलंय. माणसं बोलावण्याआधी ते दुरुस्त करा.

टप्पा ८: क्रम आलटून-पालटून द्या

पहिल्या उपकरणावर माणूस शिकतो, शेवटच्यावर दमतो. सगळ्यांना एकाच क्रमाने दिलं तर मधलं उपकरण फुकटात जिंकू शकतं. चार उपकरणं असतील तर हे चार क्रम वापरा:

क, ख, घ, ग
ख, ग, क, घ
ग, घ, ख, क
घ, क, ग, ख

यात प्रत्येक उपकरण प्रत्येक क्रमांकावर एकदा येतं, शिवाय प्रत्येक उपकरण इतर प्रत्येकाच्या लगेच मागे एकदाच येतं. माणसांची संख्या मग चाराच्या पटीत हवी. तीन उपकरणं असतील तर सहाच्या सहा क्रम घ्या आणि माणसं सहाच्या पटीत. बारा जण दोन्हीकडे बसतात.

प्रत्येक उपकरणावर निदान चार-पाच फेऱ्या द्या. पहिली सरावाची, मोजणीत नाही. फेऱ्यांचा वेळ अजून उतरत असेल तर माणूस शिकतोच आहे, आणखी एक-दोन वाढवा. दोन उपकरणांच्या मध्ये हात खाली सोडून पाच मिनिटं विश्रांती. आणि सूचना सगळ्यांना एकच, लिहिलेली, वाचून दाखवायची: "जमेल तितकं भरभर, पण नेम सांभाळून." एकाला तोंडी "घाई नको" म्हणालात आणि दुसऱ्याला नाही, की तुम्ही स्वभाव मोजताय.

टप्पा ९: आकडेमोड, आणि सर्वांत महागात पडणारी चूक

ती चूक म्हणजे फक्त वेळ पाहणं. एक उदाहरण घेतो, आकडे समजावण्यापुरते. टार्गेट तेच: ४८० अंतर, ३२ रुंदी. पहिलं उपकरण सरासरी १.६ सेकंद घेतं, दुसरं १.८. ठरवलेला ४ बिटचा अवघडपणा वेळेने भागला तर २.५० आणि २.२२. पहिलं जिंकलं.

आता क्लिक कुठे पडले ते पाहा. हालचालीच्या दिशेने क्लिकचं प्रमाण विचलन (सरासरी जागेभोवती क्लिक किती विखुरले त्याचं माप) काढा. समजा पहिल्याचं ११ पिक्सेल आणि दुसऱ्याचं ७. त्याला ४.१३३ ने गुणलं की माणसाने प्रत्यक्षात वापरलेली रुंदी मिळते: ४५.५ आणि २८.९. ठरवलेल्या ३२ च्या जागी ही रुंदी घाला. अवघडपणा होतो ३.५३ आणि ४.१४, आणि वेळेने भागल्यावर थ्रूपुट २.२१ आणि २.३०. निकाल उलटला. पहिल्यावर माणूस भरभर जात होता, पण साधारण सात क्लिकमागे एक बाहेर टाकून. (अंतरही प्रत्यक्ष कापलेलंच घ्यायचं असतं. इथे ते ४८० च धरलंय.)

हे गणित करताना तीन ठिकाणी घसरायला होतं. चुकलेले क्लिक वगळू नका, विचलन त्यांच्यामुळेच खरं येतं. अंगठा दोनदा पडून आधीच्याच टार्गेटवर झालेला क्लिक वगळा, पण असे किती वगळले ते उपकरणागणिक लिहा, कारण तीही बटणाची तक्रारच आहे. आणि थ्रूपुट प्रत्येक माणसाच्या प्रत्येक फेरीचं वेगळं काढून मग सरासरी घ्या. सगळ्यांचे क्लिक एका पोत्यात भरून एकदाच काढू नका.

थ्रूपुटमागचं कारण हवं असेल तर कर्सर टार्गेटमध्ये शिरून किती वेळा बाहेर पडला आणि परत शिरला ते मोजा. उशीर जास्त असलेल्या उपकरणावर हा आकडा हमखास फुगतो.

टप्पा १०: हाताला आणि माणसाला विचारा

प्रत्येक उपकरण संपताच विचारा, शेवटी सगळ्यांचं एकदम नाही. बोट, मनगट, दंड, खांदा आणि मान यांची दमणूक वेगवेगळी नोंदवून घ्या. "एकूण दमलात का?" या प्रश्नाचं उत्तर सगळेच "थोडंसं" असं देतात.

त्यासोबत जॉन ब्रुक यांची एसयूएस ही वापरायला किती सोपं ते मोजणारी दहा वाक्यांची प्रश्नावली द्या. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करा, बेरजेला २.५ ने गुणा. येणारा आकडा ० ते १०० मध्ये असतो पण तो टक्के नव्हे. साधारण सरासरी ६८ धरतात, त्यामुळे ६० म्हणजे प्रथम श्रेणी असं वाचू नका. वाक्यं मराठीत करून देत असाल तर सगळ्यांना तोच मजकूर, आणि उलट्या अर्थाची वाक्यं उलटीच ठेवा.

आकडे एकीकडे आणि आवड दुसरीकडे असं झालं तर आश्चर्य मानू नका. जास्त थ्रूपुटचं उपकरण खांदा दुखवत असेल, तर पाच मिनिटांच्या सादरीकरणाला ते चालेल, संध्याकाळभर सोफ्यावर नाही. दुसऱ्या टप्प्यात निवडलेलं काम इथे उपयोगी पडतं.

टप्पा ११: निकाल लिहिताना

सरासऱ्यांच्या शेजारी, किती माणसांना कोणतं उपकरण जास्त जमलं हे लिहा. फक्त दोन उपकरणांची तुलना असेल आणि बारापैकी नऊ जणांना एक सरस ठरलं, तर तो योगायोगही असू शकतो: दोन्ही उपकरणं सारखीच असतील तरी एका बाजूला नऊ किंवा जास्त जण झुकण्याची शक्यता जवळपास १५ टक्के असते. नऊऐवजी बारापैकी दहा जण असतील तर ती ४ टक्क्यांच्या आत येते. चार उपकरणांच्या सहा जोड्या पाहत असाल तर एखादी जोडी निव्वळ नशिबाने अशी दिसणं सोपं होतं, तेव्हा आणखी सावध राहा.

निकालासोबत ही माहिती नसेल तर तो दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही: पडद्याची रुंदी आणि बसण्याचं अंतर, प्रत्येक उपकरणाचे पूर्ण रुंदीचे अंश, मोजलेला उशीर, टार्गेटची मापं, कोपराला आधार होता की नाही, आणि उपकरणाच्या फर्मवेअरची (आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती. फर्मवेअर बदललं की फिल्टर बदलू शकतो, म्हणून अपडेट आल्यावर निदान चौथा आणि पाचवा टप्पा पुन्हा करा. ते दोन आकडे हलले नसतील तर माणसं परत बोलवायची गरज नाही.